मस्कत किती लांब

ॲनिशाचे पप्पा,

तुम्ही वाडीत पाणी लावायला गेलात आणि मला एअरपोर्टला सोडायला रेमंडची गाडी आली, म्हणून लिहून निघते. ॲनिशाचं बाळ बारा दिवसांचं झालं. आता मी थांबत नाही.

टेबलावर तिकिटाची झेरॉक्स ठेवली आहे. ती बघून मस्कत सव्वा तासावर आहे असं समजू नका. विमान दीडला सुटतं आणि पावणेतीनला पोचतं, पण ते तिथल्या घड्याळाने. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. खरे पावणेतीन तास लागतात. घरून एअरपोर्टलाच आम्ही अडीच तास धरलेत. अंतर सोळाशे किलोमीटरच्या आत आहे, कलकत्ता त्याहून लांब. पोरीने इतक्या लांब लग्न केलं म्हणून तुम्ही तीन वर्षं तिचा फोन घेतला नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. गरम करून घ्या, थंड जेवून मग मला बोलू नका. सुकेळी सगळी तिच्यासाठी नेते, बरणी शोधत बसू नका.

बाप्तिस्मा पुढच्या रविवारी आहे. शनिवारीही हेच दीडचं विमान आहे.

माझा पासपोर्ट काढताना कपाटात तुमचा सापडला. संपलाय म्हणाला होतात. हा नवा आहे, गेल्याच महिन्यातला. होता तिथेच परत ठेवलाय, ॲनिशाच्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोखाली.

क्लेमेंटीन