ओटीत पडलेलं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी १९०८. म्हैसूर
मालकाचा निरोप. पाडव्याच्या आत खोल्या रिकाम्या करा, मुलाचं लग्न आहे. करतो बाबा, करतो. या ओलसर खोल्यांत आमची दोन लेकरं गेली. सौ.ला आता सातवा. हे तिसरं तरी स्वतःच्या कोरड्या घरात जन्माला यावं, एवढंच माझं मागणं.

म्हणून आज दलाल पुट्टण्णाबरोबर आनंदरावांचं घर पाहिलं. मी पहिल्यांदाच घर घ्यायला निघालोय हे कळताच अख्खी पेठ शहाणी झाली. एक म्हणतो दाराचं तोंड बघ. दुसरा म्हणतो कागद बघ. तिसरा म्हणतो शेजार बघ. हिनकलच्या मामांचं तर सारखं एकच: "आधी बघ, मग बोल." ठीक. मी शिंपी माणूस, सदरा हातात आला की उलटा करून आधी शिवण बघतो. घराचंही तेच केलं. चुना ताजा, वास नाकात बसलेला. न्हाणीजवळच्या भिंतीला नख लावलं तर पापुद्राच हातात आला. आत ओल. पुट्टण्णा कोपऱ्यात पानाची पिंक टाकून म्हणतो, "नोडी स्वामी, वारा बघा किती!" वारा विकत घेऊ? माजघरामागे एक खोली, तिला कुलूप. म्हणे अडगळ.

बुधवार, ५
दुपारी दलालाला न सांगता एकटाच गेलो. कुलपाआड खोकला. चांगला ओला, माणसाचा खोकला. आनंदराव हसून म्हणाले, "मांजर असेल हो."
मांजर! खोटं बोलायचं तर जरा मेहनत तरी घ्या. शिसारी आली. तरी घर मनातून जात नाही. पुढची खोली कोरडीठाक, सकाळचं ऊन थेट आत. बाळंतिणीची खाट तिथे...

शुक्रवार, ७
आनंदरावांकडून हळदीकुंकवाचं बोलावणं. बाबा गेल्यापासून आई असल्या ठिकाणी जात नाही. सौ. एकटीच गेली. बजावून पाठवली होती: विहिरीला पाणी किती ते बघ, स्वयंपाकघरात धूर कोंडतो का बघ, मागच्या खोलीत काय आहे ते बघ. आणि 'आवडलं' हा शब्द तोंडातून काढू नको.

आली ती ओटी भरून घेऊन. खण, नारळ, तांदूळ. त्यांच्या देवापुढे बसवून भरली म्हणे.
"विहीर?"
"बघायची राहिली."
"मागची खोली?"
"हं." पदर सारखा करत आत गेली.
आई मात्र हरखली. "पोटुशीची ओटी त्या घरच्या देवासमोर भरली. आयतु, झालंच म्हणायचं, घर आपलंच!" अहो, आयतु काय! मी अजून किंमतसुद्धा विचारलेली नाही.

रविवार, ९
विठ्ठलाच्या देवळात भजन संपतंय तोच आनंदराव चारचौघांत उठून म्हणाला, "यांच्या लक्ष्मीची ओटी भरली, घर यांना दिलं." (यापुढे त्याला अहोजाहो लिहिणार नाही.) लोक माझे हात धरायला लागले. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी देवळात चप्पल घालून आलोय. पोटुशीची ओटी परत करणार? हलकट लेकाचा. घर बायकोच्या ओटीत घालून विकतो. आणि मी असा बावळट की स्वतःच तिला पाठवली. घरी आई तेच: "नाही म्हणू नको रे, अशुभ होईल." हो म्हणवत नाही. नाही म्हणायची छाती नाही.

मंगळवार, ११
सकाळी आनंदरावाच्या मागच्या दारातून एक म्हातारी घागर घेऊन नळाकडे निघाली. मोकळं कपाळ. खोकत होती. हेच ते मांजर! आनंदरावाच्या थोरल्या भावाची विधवा, भागूबाई. हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून हिला कोंडलेली, गिऱ्हाईक आलं की कोंडलेली. थू!

विचारलं, घरात विहीर असताना नळावर का?
"आत्ताच तळ दिसतो तिचा, चैत्रात तर कोरडी. चुन्याखाली भिंती बघितल्यात का?" मग घागर खाली ठेवली. "घर तुम्हीच घेणार ना? मला नंजनगूडला, देवस्थानच्या छत्रात पाठवतायत. ही बाई गेल्याशिवाय घर घेणार नाही, अशी तुमची अट आहे म्हणे."
माझी अट? मी हिला आज पहिल्यांदा बघतोय! तिला तसं सांगितलं. विश्वास बसला असं वाटलं नाही.

बुधवार, १२
दुकान न उघडता आनंदरावाकडे गेलो. वाटेत शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. "माझ्या नावाने कसली अट घातलीस त्या बाईला?" तो शांतपणे सुपारी कातरत म्हणाला, "मला कशाला विचारता? घरी विचारा."

घरी विचारलं. नंजनगूडचं सगळं सांगून विचारलं. सौ. एकदम उसळली:
"हो, मीच म्हटलं. खोली उघडायला लावली मी त्या दिवशी. माझी दोन गेली. आता तिसऱ्याच्या वेळी रोज सकाळी उठून विधवेचं तोंड बघू?"

आई समोर तांदूळ निवडत बसलेली.

सौ.च्या ध्यानात आलं, पण बोलून झालं होतं. आईने हातातला खडा बाजूला ठेवला, सूप उचललं आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. आमच्याकडे पाठ करून.

किळस आली. कुणाची ते लिहवत नाही. गेल्या शुक्रवारपासून सौ.चं ते 'हं' मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते काय उगाच? घर मलाही हवंच होतं.

पडवीत गेलो. म्हटलं, आई, तिच्या मनात तसं नव्हतं.
आईने वर बघितलं नाही. म्हणाली, "घर घेऊन टाक. त्या बाईला म्हणावं थांब थोडी. सोबत मीही येते नंजनगूडला."

उद्या सकाळी आनंदरावाचा माणूस उत्तर न्यायला येणार.