चारही खुणा जुळल्या

सोमवार, ४
आले एकदाची! ताईने स्टेशनवरच मिठी मारली. "चिमे, आता रडायचं नाही," म्हणाली आणि स्वतःच रडली. ती काम करते त्याच रक्तपेढीतली ही नोकरी तिच्याच शब्दामुळे मिळाली. पर्यवेक्षकबाईंनी लॉगिन शिकवलं: आधी पासवर्ड, मग बोट, मग चेहरा, शेवटी मोबाईलवर येणारा आकडा. एखादी खूण चोरली तरी बाकीच्या तीन चोराला अडवतात, म्हणाल्या. कोणत्या पिशवीत कोणता रक्तगट, ते इथेच नोंदवायचं. चुकीला माफी नाही.

गुरुवार, ७
पासवर्ड विसरायला होतं म्हणून ताईला सांगून ठेवला. गार पिशव्या हाताळून बोटांना भेगा पडल्यात. ताईने ती कोमट मेणात बुडवली, मेण थिजल्यावर टोपीसारखं अलगद काढलं. आई गेल्यापासून एवढी माया कुणी केली नव्हती.

मंगळवार, १२
सकाळी मोबाईल सापडेना; शोधून निघेपर्यंत उशीर. ताई कामावर पुढे गेली होती, मोबाईल तिच्याच पर्समध्ये निघाला. संगणक म्हणतो, तुम्ही आधीच आत आहात. पर्यवेक्षकबाई म्हणाल्या, सकाळी तुला टोपी घालून पाठमोरी बसलेली पाहिलं की! कुणाला पाहिलं?

शुक्रवार, १५
ताईने केस कापलेत. थेट माझ्यासारखे. उकडतं गं, म्हणाली. आम्हांला लोक जुळ्या समजायचे, म्हणून मीही हसले. पण ती आरशासमोर माझ्यासारखी मान वाकडी करून बघत होती. पुन्हा पुन्हा.

सोमवार, १८
एक बाळंतीण गेली. चुकीच्या गटाचं रक्त. नोंद माझी, कालची, चारही खुणा जुळलेल्या. काल मी तापाने फणफणले होते, मोबाईल ताईकडे. बाई म्हणाल्या, ताईचं लॉगिन दोन वर्षांपूर्वीच बंद केलंय, अशाच चुकीपायी. आता ती फक्त बाटल्या धुते. मला तिने कधीच —

मंगळवार, १९
कपाटात मेणाचे साचे. त्यांत ओतलेली रबराची बोटं. माझी. शेजारच्या डब्यावर मावसबहिणीचं नाव. तीही ताईच्याच शब्दावर इथे लागली होती. वर्ष झालं, ती कुठे आहे कुणालाच —

बुधवार, २०
ताईने कबूल केलं. त्या कामाशिवाय मी कुणीच नाही गं, म्हणाली. मग तीच म्हणाली, चल, बाईंना दोघी मिळून सांगू. शीतखोलीत आहेत त्या.
नव्हत्या. दार लागलं. आतली मूठ काढलेली.
काचेपलीकडे ताई. माझा कोट. माझा मोबाईल. पडद्यावर माझं नाव. ती लिहितेय — चूक माझी आहे, मी निघून जातेय, मला शोधू नका —
बोटं वळत नाहीत.
उठली. इकडे बघतेय. दिव्याच्या बटणावर हात — ताई, मी तुझी —