टाउनोने आणलेली दोन खोकी

मी, आर्विद ऑस्कर पेल्कोनेन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, राहणार टामारॅक लेक, मिशिगन राज्याचा उत्तरेकडील द्वीपकल्प, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर तसे म्हणत नाहीत; बर्फ वितळेपर्यंत टिकेल, एवढेच म्हणतात. माझ्यावर कोणाचे दडपण नाही.

पत्नी एर्मा हयात असताना केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही आमच्या एकुलत्या मुलीला, सिल्वीला दिले होते. सिल्वी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी वारली. तिच्या मृत्यूचा दोष तिच्या नवऱ्याने, आणि त्याच्यामागून गावाने, माझा धाकटा भाऊ टाउनो याच्यावर ठेवला आहे. तो दोष टाउनोचा नाही. घरादाराची वाटणी वकीलबाईंनी एका पानात उरकली असती. मी लिहायला बसलो ते या एका गोष्टीसाठी.

कलम १. राहते घर, मागची सौना, लाकडांची खोप आणि बँकेतील शिल्लक जावई डेल हॉस्किंग याला मिळावी. लग्नाआधी डेलला सौनाच्या वाफेत पाच मिनिटे बसवत नसे; सिल्वी बाहेरून कडी घालण्याची धमकी द्यायची. आता तो दर शनिवारी एकटा येतो, चूल पेटवतो, अर्धा तास बसतो, माझ्याशी हवामानाबद्दल दोन वाक्ये बोलतो आणि जातो. पश्चिमेच्या छपरावरचा बर्फ त्याने जानेवारीत दोनदा तरी उतरवावा. तिथला वासा मी नीट दुरुस्त केलेला नाही.

कलम २. नावेचे इंजिन शेजारी हार्लन क्लूटिए याला. त्याने ते २००९ साली एका रविवारपुरते नेले. ताबा देण्याची तसदी कोणाला पडणार नाही.

कलम ३. सीडरच्या दलदलीपलीकडची शिकारीची झोपडी वडिलांनी आम्हा दोघा भावांना मिळून दिली होती. माझा अर्धा हिस्सा टाउनोला. वडिलांची थर्टी-थर्टी रायफलही त्यालाच. ती मला मिळाली कारण मी थोरला होतो. दोघांत नेम कोणाचा चांगला, हे वडिलांसकट सर्वांना माहीत होते. टाउनोने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तो फक्त मला "मास्तर" म्हणायचा, आणि ते पुरायचे.

कलम ४. टू-फिफ्टी-सेव्हन रॉबर्ट्स मापाची दुसरी रायफल कोणालाही देऊ नये. शेरीफच्या कचेरीत नेऊन ती तोडून घ्यावी. कारण लिहितो.

२०२० च्या उन्हाळ्यात दुकानांतली काडतुसे संपली. थर्टी-थर्टी, थर्टी-ऑट-सिक्स ही घरोघरची मापे आधी गेली. फळीवर नुसत्या किमतीच्या चिठ्ठ्या उरल्या. गिऱ्हाइकाला एकच खोके, असा नियम झाला आणि दुकान उघडण्याआधी बाहेर ट्रकांची रांग लागू लागली. घरी काडतुसे भरणाऱ्यांकडेही सामान उरले नाही. आमच्या घरात थर्टी-थर्टीची तीन काडतुसे होती, तीही हिरवी पडलेली.

मी एकतीस वर्षे गणित शिकवले. रिकाम्या फळ्यांकडे पाहून मी ठरवले की ज्याला मागणी नाही ते संपत नाही. रॉबर्ट्स हे जुने, मोजक्याच लोकांकडे असलेले माप. त्याची चार खोकी दुकानात धूळ खात होती, आणि त्याच मापाची एक वापरलेली रायफल मागे उभी होती. ती काडतुसे दुसऱ्या मापाच्या बंदुकीत चालत नाहीत, म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी सिल्वीसाठी रायफल घेतली आणि दोन खोकी घेतली.

"बाबा, चारही घ्या ना," ती म्हणाली.

"अगं, कोण नेतंय? लागतील तशी येऊन घेऊ."

उरलेली दोन तीन दिवसांत गेली. माझ्यासारखे हुशार आणखी होते. मग कारखान्यांनी आपली यंत्रे खपणाऱ्या मापांना जुंपली, आणि पुढे दोन वर्षे रॉबर्ट्सचे एकही खोके आमच्याकडे आले नाही. थर्टी-थर्टी मात्र थोडी थोडी येत राहिली.

दोन खोक्यांतल्या चाळीसपैकी तेहतीस काडतुसे सिल्वीने पहिल्याच उन्हाळ्यात, नवी रायफल अंगवळणी पाडताना उडवली. एक त्या वर्षीच्या शिकारीच्या मोसमात हरणाला लागले. सहा राहिली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रायफल खुंटीवरून पडली आणि वरची दुर्बीण हलली. अशा वेळी कागदावर तीन-चार गोळ्या झाडून नेम पुन्हा बसवावा लागतो. एवढे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही कळते. मी झाडू दिल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल उशांत रोवली, मागचा बोल्ट काढला, नळीतून आरपार क्लूटिएचे धुराडे पाहिले आणि दुर्बीण त्यावर आणून ठेवली.

"झालं," मी म्हणालो.

"हे काही झालं नाही, बाबा. तीन गोळ्या. फक्त तीन."

"कागद खाता येत नाही."

"आणि चुकलेलं हरीण खाता येतं का?" ती हसली. मग म्हणाली, "त्यापेक्षा मी आजोबांची थर्टी-थर्टी नेते. टाउनोकाकाच्या तळघरात खोकी पडलीत, त्याला मागते."

"मी विचारलं होतं त्याला. देत नाही म्हणाला."

"काका असं म्हणाला?" एवढेच तिने विचारले, आणि मी मान हलवली.

कलम ५. ते खोटे होते.

टाउनो दर वर्षी गरज असो नसो, दोन खोकी घेऊन ठेवायचा. मी त्याला घूस म्हणायचो. त्या सप्टेंबरमध्ये तो थर्टी-थर्टीची दोन खोकी पावाच्या पिशवीत गुंडाळून माझ्या दारात आला. आमचे बोलणे मला शब्दशः आठवते.

"सिल्वीला दे. म्हाताऱ्याची रायफल खिळ्यावर गंजतेय, ती वापरू दे तिला."

"तिच्याकडे रायफल आहे."

"रायफल आहे रे, पण तिच्या पोटात काय घालणार? खडू?"

"तुझं काम कर, टाउनो."

"मास्तर, आयुष्यात एकदा म्हण, चुकलो. कुणाला नाही सांगणार. बरं, नको म्हणूस, पण हे घे."

मी दार लावून घेतले. पिशवी तो पायरीवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मी ती गाडीतून नेऊन त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर ठेवली आणि हाक न मारता परत आलो. सिल्वीला यातले काहीच कळले नाही. कळले असते तर तिने तासाभरात ती पिशवी परत आणली असती, आणि मला ते नको होते. दुसरे कारण नाही. मी पुष्कळ शोधले.

मोसमाच्या पाचव्या दिवशी तिची गोळी खाली गेली आणि हरणाच्या मागच्या पायाला लागली. रक्त सांडले तर शेवटपर्यंत मागे चालायचे, जखमी जनावर सोडून घरी यायचे नाही, हे मी तिला बारा वर्षांची असताना शिकवले होते. ती दोन मैल चालली. बीव्हर प्राण्यांनी बांध घालून अडवलेल्या तळ्यावर बोटभर बर्फ धरला होता. हरीण त्यावरून गेले. ती हरणापेक्षा जड होती.

टाउनो सर्वांच्या आधी पोचला, कारण माग काढावा तर त्यानेच. पोटावर सरपटत जाऊन त्याने तिला बाहेर काढले. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून बधिर आहेत.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. डेल सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "तुमच्या तळघरात गोळ्या सडतायत, काका. तिने मला सांगितलं होतं, काका देत नाही म्हणून. सख्ख्या पुतणीला! लाज नाही वाटली?"

टाउनोने माझ्याकडे पाहिले. मी हातातल्या कपाकडे पाहत राहिलो. त्याने बराच वेळ वाट पाहिली. मग कोट घेतला, डेलला म्हणाला, "चुकलंच माझं, पोरा," आणि जिना चढून गेला.

जे मला एकदाही म्हणता आले नाही ते त्याने माझ्यासाठी म्हटले. त्यानंतर तो चर्चमध्ये आला नाही. किराणा आणायला तीस मैलांवरच्या गावी जातो. तीन वर्षांत आम्ही बोललेलो नाही.

म्हणून मी जाहीर करतो, की टाउनो पेल्कोनेन याने सिल्वीला काडतुसे नाकारली नाहीत. ती मी परत केली. नेम बसवू दिला नाही तो मी. तिला खोटे सांगितले ते मी. काका आपल्याला नाही म्हणाला, हे मनात धरून ती गेली. हे दुरुस्त करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

मागच्या मंगळवारी बॅटरी घ्यायला दुकानात गेलो होतो. फळीवर रॉबर्ट्सची अकरा खोकी होती.

कलम ६. मला एर्मा आणि सिल्वीच्या शेजारी पुरावे. त्या दिवशी कॉफी ठेवल्यास टाउनोला माणूस पाठवून बोलवावे आणि त्याला बसायला द्यावे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील ओडेट बर्जरॉन यांनी करावी. पाकीट माझ्या मृत्यूनंतर उघडायचे, असे आमचे ठरले होते. काल सगळे पुन्हा वाचून काढले. हा कबुलीजबाब मी अशा जागी लिहिला आहे जिथे मला कोणी उलट उत्तर देऊ शकणार नाही, हे लक्षात आले. वर्गात असे करणाऱ्या मुलाला मी भित्रा म्हटले असते.

तेव्हा कलम ५ ला पाकिटाची अट लागू नाही. आज सही होताच त्याची प्रत घेऊन मी प्रथम डेलकडे आणि तिथून टाउनोकडे जाणार आहे. प्रत्येकाला ती स्वतः वाचून दाखवीन, आणि ते जे बोलतील ते उभा राहून ऐकीन. डेल त्यानंतर शनिवारी सौनाला आला नाही, किंवा टाउनोने दारच उघडले नाही, तरी वरच्या वाटणीत एका शब्दाचाही बदल होणार नाही.

सही: आर्विद ऑ. पेल्कोनेन

आर्विद पेल्कोनेन यांनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत आणि राजीखुशीने सही केली. आम्हा दोघींना या कागदाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. व्हर्ना ट्रेगिअर, ग्रंथपाल
२. लॉइस हाउटाला, निवृत्त परिचारिका

ठिकाण: टामारॅक लेक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४, सकाळी साडेदहा