भोपळा खालून ओला हाय

पुणे, सोमवार

धाकट्या नईमला थोरल्याचा सलाम आणि दुवा.

फोनवर मला धाप लागते आणि तू रडतोस, म्हणून लिहितोय. मी बरा हाय. लेक कशिश रोज दवाखान्यात डबा आणते. तिचा रस्सा मात्र पुण्यात राहून गोड झालाय.

काल डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर बोटानं टकटक केलं. वर पोकळ वाजलं, खाली बद्द. मी म्हटलं, "बाई, भोपळा खालून ओला हाय." त्या हसल्या. फुप्फुसाभोवती पुन्हा पाणी साठलंय.

आता बरगड्यांमधून नळी घालून ते काढतायत. सगळं निघालं की आत औषध सोडून फुप्फुस छातीला चिकटवणार, म्हणजे पाण्याला जागाच उरणार न्हाई. हे मला काय समजावतात? तंबोऱ्याच्या ओल्या भोपळ्याला वरची लाकडी तबली चिकटत न्हाई, हे अब्बांनी आपल्याला थपडा मारून शिकवलंय.

कॅन्सर जाणार न्हाई, हे बाईंनी तोंडावर सांगितलं. न्हाई तर न्हाई. धाप कमी होईल, मला तेवढंच पायजे.

कारखान्यातली माझी बैठक आवरून ठेवलीस म्हणे? कुणी सांगितलं रं तुला? कानस, पटाशी जिथल्या तिथं परत मांड. तुझ्या फरीदाभाभीचा गुडघा कसा हाय? तिला जिना चढू देऊ नकोस.

आणि मोठ्या तंबोऱ्याच्या तारांखालच्या जवारीला हात लावशील तर बघ! ती मीच घासणार, तार मीच बोलती करणार. तू फक्त या वेळी शेजारी बस, आणि आवाज नीट कानात ठेव.

अजून दम असलेला तुझा भाऊ,
चांदसाहेब