तीन रविवार, चार भाषा

अहो इंजिनिअर,

उठल्यावर लॅपटॉप शोधत बसू नका, मी नेलाय. अकराला माझी मुलाखत आहे, नऊ वर्षांनी पहिली. स्वतः बनवलेलं एक वेबपेज घेऊन या म्हणालेत. तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लॅपटॉपवर पाचवी भाषा टाकली असती.

मला प्रोग्रामिंग शिकवायचं म्हणून तीन रविवार बसलात. पायथन, पीएचपी, रुबी, जावास्क्रिप्ट. व्हर्जन जुळेना म्हणून सगळं काढायचं आणि परत टाकायचं. नमनालाच घडाभर तेल! या तीन रविवारांत मी कीबोर्डला हात लावला तो फक्त धूळ पुसायला. तरी काल स्क्रीनवर लाल अक्षरं आली, तर म्हणे, "तूच काहीतरी दाबलं असशील!" आणि चिडून उठून गेलात.

मग मी साध्या नोटपॅडमध्ये एचटीएमएलच्या बारा ओळी लिहिल्या. पान उघडलं. तुमच्या चारपैकी एकही भाषा लागली नाही.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. त्यासाठी शेगडी खोलून बसू नका. ती चांगली आहे, नुसती पेटवायची असते.