स्मशानशेडचा पहिला लाभार्थी

१२ डिसेंबर, गुरु.
किकवीला गेले होते, हायवेकडच्या कंपनीत. ह्यांच्या गाडीवर मागे बसून, मांडीवर ग्रा.पं.ची फाईल. कंपनी दरवर्षी एका गावाला काहीतरी करून देते, यंदा आपला नंबर. त्या कामाला ऋतुजा म्याडम आहेत. पुण्याच्या, कोवळं पोर, गोड. विचारलं, सरपंच ताई, गावाला काय हवं? म्हटलं, स्मशानशेड. तिचा चहाचा कप हातातच राहिला.
त्यांच्याकडं चार खाती: शिक्षण, आरोग्य, महिला, पर्यावरण. बिचारी चारी खाती चाळत बसली. "आरोग्यात बसेल का हो?" आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब लगेच, "म्याडम, ते आरोग्य संपल्यावर लागतं." यांच्या जिभेला हाड म्हणून नाही. मी पदर तोंडाला लावून हसले.

१३ डिसें.
सकाळी तात्या दारात. "सूनबाई, माझ्या घराचं काय झालं?" घर म्हणजे शेड. चुलत सासरे, वय चौऱ्याऐंशी, चेष्टा करायची खोड तशीच. म्हटलं, विचार चाललाय. "करा विचार. पर पावसाळ्याच्या आत करा. म्या भिजत जानार न्हाई, सांगून ठिवतो."
चुलत सासूबाई गेल्या त्याला दोन पावसाळे झाले. ऐन आषाढात. सरण पेटेना. डिझेल ओतलं, टायर टाकले. शेवटी चौघांनी वर पत्रा धरला, त्यात एक तात्या. पत्रा तापला तरी सोडला नाही त्यांनी. तेव्हा मी सरपंच नव्हते. पण त्याच दिवशी मनात घेतलं होतं.

७ जाने.
म्याडम गाव बघायला आल्या. शाळेच्या भिंती रंगवू म्हणाल्या. दोन कंपन्यांनी आधीच रंगवल्यात. पहिल्या खेपेला पोपट हिरवा होता, दुसऱ्या खेपेला निळा झाला. पोरं म्हणतात, तिसऱ्यांदा उडून जाईल.
मग ओढ्यापलीकडं नेलं. उघडा माळ, चार काळे दगड, बास. तात्या काठी टेकत आलेच मागून. तळहात पुढं केला. भाजल्याचा डाग. "मंडळी जाताना म्या धरला हुता पत्रा," एवढंच. म्याडमनी वही मिटली, चष्मा पुसला. मार्गासनीला गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा गाडीत बसता बसता म्हणाल्या, "ताई, लाकूड कमी लागेल, टायर जळणार नाहीत. पर्यावरणात बसवते."
पोरगी हुशार आहे.

२१ फेब्रु.
मंजूर!! भाऊसाहेबांनी पेढे आणले. वाटायचे की नाही यावर ग्रा.पं.त अर्धा तास चर्चा. स्मशानाचे पेढे कसे वाटणार? तात्यांनी दोन उचलले, प्रश्न मिटला.

१८ मार्च
सारोळ्याच्या वेल्डरनं खांब उभे केले, आता पत्रे चढवतोय. तात्या रोज जाऊन पत्रा वाजवून बघतात. वेल्डर वैतागलाय.
कंपनीची पाटी आली, लांबरुंद. खाली घोषवाक्य: चला, पुढे जाऊ या! शेडच्या कपाळावर लावायची म्हणे, नियम आहे. तात्यांनी मोठ्यानं वाचलं आणि पाटीला हात जोडले. "तुमी व्हा फुडं, आमी येतोच." म्याडमला फोन करून शेवटी पाटी मागच्या बाजूला लावायची परवानगी काढली.

२ एप्रिल, बुध.
उद्घाटन. झालं एकदाचं. पाहुणा मिळेना. एकाला ताप, एकाला लग्न, एकाला आयत्या वेळी गावाला जायचं निघालं. नेहमी फीत कापायला रांग असते! शेवटी कात्री तात्यांच्या हातात. आत जाऊन चारी बाजूंनी फिरले, ओट्यावर हात फिरवला. म्हणाले, हवा चांगली येते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं.
आता पुढचा टप्पा म्हणजे ओढ्यापासून शेडपर्यंतची पक्की वाट. पावसात तिथं इतकी घसरण असते की खांदेकरी पडतात.

२४ एप्रिल
म्याडमचा फॉर्म आला. वाट मंजूर व्हायला आधी शेडचा हा भरून हवा. सगळ्या कामांना एकच छापील फॉर्म.
१) लाभार्थ्याचे नाव. २) हसतमुख फोटो. ३) वापरानंतरचा अनुभव.
भाऊसाहेब खुर्चीतून खाली यायचे बाकी होते. म्याडमला फोन केला, तर त्यांनाही हसू आवरेना. "ताई, मुख्य ऑफिसला मी काय सांगू? त्यांना हा रकाना रिकामा चालत नाही."

९ मे
तात्या नवं धोतर नेसून आले. "माझा काढा फोटो. आगाऊ नावनोंदणी." शेडखाली बसले, तोंडात चार दात, चारी दिसतील असे हसले. फोटो इतका छान आलाय की मोबाईलवर ठेवलाय मी.
पाठवला.

२९ मे
फॉर्म परत. शेरा: 'लाभार्थ्याने सुविधा प्रत्यक्ष वापरलेली नाही.' जूनअखेर भरून द्या, नाहीतर वाट रद्द.
गावात कुणी जात नाही, देवाची कृपा. पण ही कृपा रकान्यात कुठं लिहायची?

१७ जून
तात्यांचा खोकला वाढला. दवाखान्यात ठेवून घेतलंय. खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणतात, "सूनबाई, तुझा फारम अडलाय न्हवं? म्या भरून टाकतो रकाना. लोकांची वाट तरी हुईल."
एरवी हसले असते. आज ओरडले, सगळ्यांसमोर. पुन्हा असं बोललात तर पत्रा न् पत्रा उपटून टाकीन म्हटलं. बाहेर बाकावर बसून रडले. शेड मीच मागितली, मीच उभी केली, आणि आता ती रिकामी राहावी म्हणून हात जोडतेय.

२१ जून
तात्या घरी. काल डॉक्टरला विचारत होते, बिडी कधीपासून चालू करू. म्हणजे बरे झाले.

२७ जून
दुपारपासून धो धो. तात्या घरात नाहीत! भाताचा तरवा बघायला गेले म्हणे, आजारातून उठलेलं माणूस, एकटं. छत्री घेऊन पळाले. शेतात नाहीत, बांधावर नाहीत. ओढ्याकडं बघते तर शेडखाली तात्या, ओट्यावर मांडी घालून, शेजारी वरच्या वाडीची शेळ्या राखणारी बाई आणि तिच्या सात-आठ शेळ्या. तीन-चार शेळ्या तात्यांना टेकून उभ्या.
मी चिखलात दोनदा घसरत पोचले. तात्याच म्हणाले,
"काड आता फोटो. वापरली की न्हाई? बरोबर तासभर वापरली."
"आणि अनुभव?"
वर पत्र्याकडं बघितलं. मग हळू, "लिव्ह. आत एक थेंब येत न्हाई."
तेवढंच लिहिलं. फोटोत शेळ्यासुद्धा आल्यात. म्याडमला पाठवला.

३० जून
म्याडमचा निरोप: 'पुढे पाठवलाय. ऑफिस काय म्हणतंय बघू.' संध्याकाळपर्यंत काही नाही. तात्यांना सांगितलं, अजून उत्तर नाही.
"न्हाई तर न्हाई. मला काय घाई न्हाई."