ऑस्टिनचा तळ आणि कृष्णातचे नाव

मी, आप्पासो धुळा विरकर, वय अंदाजे सदुसष्ट (मेंढरांमागे जन्मलेल्या पोराची नोंद कोण ठेवतो?), धंदा मोटारीचे पत्राकाम, मूळ राहणार तालुका माण, हल्ली मुक्काम इस्लामपूर, कपाळाला बिरोबाचा भंडारा लावून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने नव्हे की कोणाच्या भरीस पडून नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. वकीलसाहेबांनी नमुना दिला आहे. त्यात "चंचल मानवी जीवन" वगैरे होते, ते मी गाळले. माझे जीवन चंचल नव्हते. चाळीस वर्षे मी एका जागी बसून पत्रा ठोकला.

कलम १. प्रकृती ठीक आहे. दोन भाकरी खातो, दाढा शाबूत आहेत. मग आजच हा कागद का, असे हरणाबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, विचारले. कारण असे की, माझ्याकडून कृष्णात गणू शेवाळे या चांगल्या कारागिराचे नाव खराब झाले आहे. ते धुऊन निघेपर्यंत मला मरायचे नाही. घरदार, जमीन या गोष्टी ओघाने लिहितो.

कलम २. इस्लामपूरचे राहते घर व पोस्टातले पुस्तक हरणाबाईचे. तिच्यामागे घर मुलगी साळूबाई हिचे. साळू वाईला दिली आहे, घाटाजवळ राहते, तिला आमच्या घराची गरज नाही, पण माहेरचे दार आपल्या नावावर असलेले बाईला बरे वाटते. न्हाणीघराचा पत्रा मी स्वतः बसवलेला आहे. तो बदलण्याची कोणी घाई करू नये.

कलम ३. माणातली कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ सिद्धू याची. तिथे दगड लय, बाजरी थोडी. सिद्धूने कळप सोडला नाही, मी सोडला. मी पलटणीत भरती झालो तेव्हा बापाने मला वर्षभर नावाने हाक मारली नाही. सिद्धूने मारली. म्हणून जमीन त्याची, दगडांसकट.

कलम ४. एसटी स्टँडजवळच्या पेंटरला (नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे) माझ्याकडचा लांबीचा, म्हणजे भोके बुजवायच्या लुकणाचा, डबा द्यावा. भोक पडलेल्या गंजावर लांबी फासायची, वर रंग मारायचा आणि गिऱ्हाइकाला "नवी कोरी झाली बघा" म्हणायचे, हा त्याचा धंदा. पंचवीस वर्षे मी त्याला चारचौघांत शिव्या दिल्या. त्या मी मागे घेत नाही. मात्र कलम सहा वाचून त्याला हसू आले, तर त्याने पोटभर हसावे. त्याचा तो हक्क आहे.

कलम ५. दुकान, दुकानाची जागा, गॅसच्या टाक्या, कातर, छिन्न्या, लाकडी मोगऱ्या, सगळे हातोडे आणि पत्र्याच्या पाठीमागे धरायचे पोलादी ठोकळे, हे सर्व कृष्णातला द्यावे. तो माझ्या रक्ताचा नाही, जातीचा नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूड फुटून बरीच वर्षे झाली होती, घरच्या उसात त्याचे मन रमत नव्हते. बारा वर्षे आम्ही एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना बसलो. तो आतून ठोकळा धरायचा, मी बाहेरून हातोडा मारायचो. बोलावे लागत नसे.

मोठे काम आम्ही केले ते नाथाजीरावांच्या ऑस्टिनचे. नाथाजीराव म्हणजे नदीकाठचे बागायतदार, तेव्हा फौजेत होते. गाडी त्यांच्या वडिलांची, अडतीस साली घेतलेली. वडील वारल्यावर ती पंधरा वर्षे गुऱ्हाळाच्या छपरात, उसाच्या चिपाडांच्या ढिगाला टेकून उभी होती. चिपाडाची ओल दारांनी प्यायली. एकाहत्तर साली बैलांनी ओढून दुकानात आणली तेव्हा फूटबोर्ड हातात आले. दारांचे खालचे वीतवीत पत्रे गेलेले, मागचे मडगार्ड चाळणी, तळाचा पत्रा कुठे आहे आणि कुठे नाही हे कळत नव्हते.

नाथाजीराव म्हणाले, "आप्पा, हुईल का?"

मी म्हणालो, "हुईल. पण गंज जिथं दिसतोय तिथं संपत न्हाई. चकचकीत पत्रा लागंस्तवर कापायचा, आन् त्याच्या म्होरं आणखी दोन बोटं कापायचा. मग नवा जोडायचा. येळ लागंल."

दीड वर्ष लागले. मडगार्ड मी केले, गोलाई माझ्या हातची. तळ पूर्ण कृष्णातने केला. प्रत्येक सांधा त्याने हातोडीने वाजवून मला ऐकवला. खणखणीत होता. असा तळ मी स्वतः केला नसता, हे आज लिहून देतो. तेव्हा तोंडाने बोललो नव्हतो.

कलम ६. आता कबुली.

काम बहात्तरच्या शेवटी संपले. नाथाजीराव सुट्टीवर येईपर्यंत गाडी दुकानातच होती. तो दुष्काळाचा काळ. सिद्धू कळप घेऊन कृष्णाकाठी आला होता आणि माणात गवत उगवेपर्यंत, म्हणजे त्र्याहत्तरचा सगळा पावसाळा, इकडेच राहिला. मेंढरांना पावसाळ्यात मीठ द्यावे लागते. मीठ ठेवायला सिद्धूपाशी कोरडी जागा नव्हती. माझ्या दुकानाचे छप्पर गळत होते. गळत नव्हती फक्त ऑस्टिन, कारण ती आम्ही केली होती. मी मिठाची चार पोती ऑस्टिनच्या मागच्या बाजूला ठेवली.

मी पत्र्याचा कारागीर! मिठाने लोखंड खाल्ले जाते हे मला कोणी सांगायला हवे? पण धनगराला मीठ दिसले की मेंढरू आठवते, पत्रा आठवत नाही. चार महिने मी त्या पोत्यांतून मीठ काढून देत होतो आणि कळप वाचतोय या आनंदात होतो. पोती घामेजली, पाझरली, पाणी चटईखाली गेले. कृष्णात त्या पावसाळ्यात वडलांचा पाय मोडला म्हणून गावी शेती बघत होता. पोती त्याने पाहिलीच नाहीत. दिवाळीला मी गाडी वरून पुसली आणि नाथाजीरावांच्या हवाली केली.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात भर बाजारात नाथाजीरावांच्या मातोश्री बनुबाई गाडीतून उतरताना त्यांचा पाय तळातून आरपार गेला. टाच रस्त्याला टेकली, बाई अर्ध्या गाडीत अन् अर्ध्या बाहेर. नशीब, नुसते खरचटले. नाथाजीराव तडक दुकानात आले आणि दहा माणसांसमोर विचारले, "तळ कुणी केला?"

मी म्हणालो, "कृष्णातनं. गंज नीट कापला नसंल."

कृष्णातने माझ्याकडे बघितले. "आप्पा, तुमी सांधे वाजवून घेतलंय. जोतिबाची आण, तसूभर गंज ठेवला न्हाई."

मी काही बोललो नाही, नाथाजीराव मात्र त्याला नको नको ते बोलले. त्याने फडक्याला हात पुसले आणि गेला. इथपर्यंत माझी चूक होती, पाप नव्हते. पाप पुढे आहे.

आठ दिवसांनी गाडी दुरुस्तीला आली. मी चटई उचलली. खाली पांढरे मीठ धरले होते आणि पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा बोटाने निघत होता. कृष्णातचे सांधे मात्र जिथे मीठ पोचले नव्हते तिथे जसेच्या तसे होते. मला सगळे कळले. मी उठून दार आतून लावले. गंज कापला असता तर दोन दिवस तळ उघडा राहिला असता, कोणीही येऊन मीठ पाहिले असते. म्हणून मी गंज न कापता वरून दुसरा पत्रा टाकला, गॅसचे डाग मारून तो टाचला, काळा रंग फासला. त्या पेंटरने आयुष्यभर केले ते मी एका दुपारी केले.

इस्लामपुरात कृष्णातला कोणी मोटार दिली नाही. तो वाईला गेला, लग्नाच्या ट्रंका आणि बादल्या करतो. साळू सांगते, दारात मोटार उभी राहिली तरी तो मान वर करत नाही. माझे कृष्णातला सांगणे आहे की मी लय वाईट वागलो. मला लाज वाटते. मिठाची पोती माझी, गप्प बसणे माझे, वरचा पत्रा माझा. त्याचा तळ खरा होता.

कलम ७. तो तळ अजून आतून कुजतो आहे. माझ्यामागे कोणी त्यावर तिसरा पत्रा टाकू नये. सगळा कापून काढावा, मिठाचे पाणी गेले असेल तिथपर्यंत, आणि काम कृष्णातने करावे, त्याची इच्छा असेल तर. नसेल तर नाथाजीरावांनी गाडीला हात जोडावेत.

दुरुस्ती. वरील मजकूर लिहून झाल्यावर हरणाबाई म्हणाली, "आवं, मेल्यावर माफी मागाय काय हिंमत लागती? जित्यापणी वाचून दावा की." ती असे बोलते म्हणून मी तिच्यापुढे कधी फार बोलत नाही. साळूकडून निरोप धाडला. आज सकाळी कृष्णात वाईच्या गाडीने आला. नाथाजीरावांनाही बोलावले. वकीलसाहेब होते. मी उभा राहून वाचायला लागलो. कलम सहाच्या मध्यावर मी कागद वकीलसाहेबांकडे दिला, पुढचे त्यांनी वाचून पुरे केले.

पहिल्यांदा नाथाजीराव बोलले. "म्हंजी आमच्या आईचा पाय तुमच्या मेंढरांनी खाल्ला म्हणायचं!" आणि हसले. फौजेतला माणूस, पण डोळे पुसले आणि कृष्णातकडे वळून म्हणाले, "गड्या, दहा माणसांत मी तुला बोललो. चुकलो."

कृष्णातने वकीलसाहेबांना विचारले, "साक्षीला कोन?"

वकीलसाहेब म्हणाले, "नाथाजीराव आहेत, आणखी एक पाहिजे. तुला दुकान मिळतंय, तेव्हा तू नको. ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष घेऊ नये, उद्या कुणी वांधा काढतो."

"मग कलम पाच खोडा."

मी म्हणालो, "आरं, दुकान जाईल की!"

"जाऊ द्या आप्पा. दुकान मी माझ्या हातानं हुबं करीन. ह्या कलम सहाखाली माझी सही पायजे. ती करायची येळ परत कवा मिळायची?"

हरणाबाई चहा टाकायला उठली ती तशीच दारात उभी राहिली.

तरी त्याच्या सांगण्यावरून कलम पाचमधील देणगीपुरता मजकूर खोडून मी समासात सही केली आहे. दुकान व हत्यारे आता हरणाबाईची. पुढे ती ते कोणाला देईल हे मी लिहीत नाही. मला विचारून तिने आजवर काही केलेले नाही आणि या वेळी मला तिची काळजी वाटत नाही. कलम सातसाठी मात्र माझ्या मरणाची वाट बघण्याचे कारण उरले नाही. सोमवारी ऑस्टिन दुकानात येते आहे. आतून ठोकळा धरायचे काम या वेळी माझ्याकडे आहे, असे मला बजावण्यात आले आहे.

सबब हे मृत्युपत्र राजीखुशीने, हलक्या मनाने लिहून ठेवले.

ठिकाण: इस्लामपूर, जिल्हा सांगली
तारीख: १२ डिसेंबर १९७६

लिहून ठेवणार:
(सही) आप्पासो धुळा विरकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:

१. (सही) नाथाजी बळवंत थोरात, धंदा शेती.

२. हे सगळं माझ्यासमोर वाचलं. कलम सहा खरं हाय.
(सही) कृष्णात गणू शेवाळे, मुक्काम वाई, धंदा मोटारीचे पत्राकाम.